पत्रकातली ताई

"धाकटे, मी मेले कधी गं?" ताईनं विचारलं. तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या, त्यामुळे शब्द दातांच्या फटीतून चपटे होऊन बाहेर आले. धाकटी नुकतीच छापखान्यातून येऊन दारात उभी होती, एक चप्पल पायात, एक हातात. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालीस?" ताईनं टाचण्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या, डबीचं झाकण लावलं. मग शांतपणे म्हणाली, "मेले कधी म्हणते. तारीख वगैरे काही लिहिलीयस, का नुसतीच मेले?" खिडकी उघडी होती. समोरच्या मुलींच्या शाळेचं फाटक बंद झालेलं होतं, आणि रस्त्यावर कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं. धाकटीनं हातातली चप्पल खाली ठेवली. खरं म्हणजे ठेवली नाही, ती सुटली.

दुपारी शाळेतल्या मास्तरीणबाई कपडे मापून बघायला आल्या होत्या. ताई गुडघ्यांवर बसून घेराला टाचण्या लावत होती आणि मास्तरीणबाई वर उभ्या राहून बोलत होत्या. "आमच्या आठवीत एक मुलगी आहे हो. ते मताधिकारवाल्यांचं पत्रक नाही का, एका बाहीच्या झग्याचं? ते वाचलं आणि वर्गात उभीच राहिली. म्हणाली, बाई, ही माझी आई. तो झगा आहे माझ्याकडे, एका बाहीचा. घरी जाऊन वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, हो. छापून आलंय ना, मग? पोरगी तीन दिवस शाळेत आली नाही." ताईनं हे सगळं मास्तरीणबाईंच्या पावलांकडे बघत ऐकलं. घेर पुरा केला. मागून सैल होतोय का विचारलं. त्या गेल्यावर शेजारणीकडून ते पत्रक मागून आणलं आणि बोटाखाली एकेक अक्षर धरत वाचलं. तिला वाचायला धाकटीनंच शिकवलं होतं, या खोलीत आल्यावर, ती तिशीची असताना. "बाकीचं सगळं बरोबर लिहिलंयस," ताई आता म्हणाली. "ती बाही, कोर्ट, आणि मी जिन्यावर बसून होते तेही. ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक? फक्त शेवट चुकलाय."

शेवट चुकला नव्हता. धाकटीच्या मनात पहिलं काय आलं असेल तर हेच, आणि ते आलं याचीच तिला भीती वाटली. शेवट तिनं मुद्दाम केला होता. दोन वर्षांपूर्वी मताधिकार मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टरबाईंनी तिला दवाखान्यात बोलावून सांगितलं होतं, "मला बोलता येतं, लिहिता येत नाही. तुला लिहिता येतं आणि चारचौघांत तुझी दातखीळ बसते. आपली जोडी जमेल." तेव्हापासून बायकांच्या मताच्या हक्काची सगळी भाषणं धाकटी लिहायची आणि डॉक्टरबाई करायच्या. हे दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. धाकटी शेवटच्या रांगेत बसून लोकांच्या माना बघायची. कुठल्या वाक्याला मान वर होते, कुठल्या वाक्याला माणूस घड्याळ बघतो, कुठे खोकला सुरू होतो, हे ती कागदाच्या कडेला टिपून ठेवायची. समतेबद्दलच्या वाक्यांना खोकला यायचा. न्यायाला तर फारच यायचा. ताईच्या गोष्टीला येत नसे. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडताना ताई पाच वर्षांच्या लेकीसाठी झगा शिवत होती, एक बाही लागली होती आणि दुसरी तिच्या पिशवीत राहिली. न्यायाधीश म्हणाले, मूल बापाचं, कायदा तसाच आहे. आणि तो कायदा करणाऱ्यांना निवडून देताना एकाही आईला कुणी विचारलं नव्हतं. इथे डॉक्टरबाई खरीखुरी बाही वर धरायच्या आणि सभागृहात सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता व्हायची. पण एकदा कामगारांच्या सभेत एक म्हातारा उठून म्हणाला, "मग ती बाई आता काय करते?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "शिवणकाम करते." "चला, म्हणजे बरं चाललंय," म्हातारा म्हणाला आणि खाली बसला. सगळ्या सभागृहानं सुस्कारा सोडला. धाकटीनं तो ऐकला. ताईचं बरं चाललंय म्हटल्यावर पाचशे माणसं मोकळी झाली होती आणि विडी-काडी शोधायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, छापखान्यातल्या आपल्या टेबलावर, धाकटीनं लिहिलं, "ती आता नाही." तीनच शब्द. त्यात मेली असं कुठे होतं? सभेत नाही, शहरात नाही, असाही अर्थ निघाला असता. ही पळवाट तिनं तेव्हाच तयार ठेवली होती. पण डॉक्टरबाईंनी बोलण्याच्या भरात त्याचं केलं, "ती झुरून झुरून मेली!" आणि लोक रडले. खरोखर रडले, पुरुषसुद्धा. पत्रक छापायला आलं तेव्हा तेच वाक्य होतं. धाकटी तिथे प्रूफं तपासायची, म्हणून तिचे स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या नावानं तिच्याच टेबलावर आले. तिनं तीनदा वाचलं. अक्षरांचे खिळे मांडणाऱ्या जुळाऱ्यानं 'झूरून' लावलं होतं, ते तिनं 'झुरून' केलं. कडेला रेघ मारून, ऱ्हस्व, असं नीट लिहून दिलं. आणि तो आनंद. त्याबद्दल ती ताईला काही सांगू शकली नसती. ते तीन शब्द लिहिल्यावर पाठीच्या कण्यातून काहीतरी गार, गोड सरकलं होतं. अडलेला दरवाजा एकदाचा हलावा तसं. त्या क्षणी ताई कुठे होती? इथेच असणार, मशीनवर वाकलेली. आणि तिथे, टेबलावर, धाकटीनं तिला हातासरशी मारून टाकलं होतं, भाकरीचा तुकडा तोंडात असताना.

"आपण आत्ताच जाऊ," धाकटी म्हणाली. "त्यांच्या घरी. मुलीला सांगू."

"कोर्टाची मनाई आहे."

"असू दे."

ताई खिडकीपाशी गेली. ही खोली तिनं याच खिडकीसाठी घेतली होती. नऊ वर्षं ती इथून लेकीला शाळेत शिरताना बघत होती. दुसऱ्या मजल्यावरून तोंड दिसत नसे, फक्त डोक्याचा भांग दिसायचा, मधोमध, सरळ. "एक विचारू?" ताई म्हणाली. "इतके दिवस तिला सांगितलेलं होतं की आई टाकून गेली. त्यापेक्षा झुरून मेली हे बरं नाही का? निदान झुरले तरी." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती, माप घेताना गिऱ्हाइकाला विचारते तसं, की इतकं ठेवू की थोडं कमी करू. धाकटीला वाटलं, हिनं ओरडावं. आपल्या कानाखाली वाजवावी. पण ताई कधीच ओरडली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी त्या घराच्या जिन्यावर धाकटीच तिच्याशेजारी बसून दोन तास बोलली होती. आत्ता नीघ, मुलीला नंतर आणू, कायदा इतका आंधळा नसतो, कुठला न्यायाधीश आईपासून मूल तोडील? किती छान बोलली होती ती, वीस वर्षांची, पुस्तकं वाचलेली. भाऊजींचा हात उठायचा हे खरं होतं. ताई मेली असती तिथे, कदाचित. पण मुलीला उचलून आणायला उशीर झाला तो धाकटीच्या बोलण्यानं. ताई ऐकून घेऊन शेवटी म्हणाली होती, "बरं." धाकटीनं आयुष्यात जिंकलेली ती पहिली सभा. श्रोता एकच होता, आणि त्याला पुरतं पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी दवाखान्यात गेली. डॉक्टरबाई हात धूत होत्या. कोपरापर्यंत साबण लावून, नखं घासत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टॉवेलला हात पुसले. "वाईट झालं," म्हणाल्या. "फार वाईट झालं." त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांनी दार लोटून घेतलं. "कायदेमंडळात मतदान कधी आहे?"

"पुढच्या बुधवारी."

"तीन सभासद आपल्या बाजूला आलेत. कशानं आलेत? आकडेवारीनं? त्या दाढीवाल्या सभासदांनी माझा हात धरून सांगितलं, त्या मेलेल्या पोरीसाठी मी मत देईन. आता तू तिला उठवून बसवलीस तर ते म्हणतील, या बायका मत मागण्यासाठी माणसं मारतात. आपण संपलो. पुन्हा वीस वर्षं कुणी आपल्याला दारात उभं करणार नाही."

"पण मुलीला वाटतंय..."

"मला कळत नाही का? मीही आई आहे." डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ. तुझी ताई नऊ वर्षं थांबलीय. आठ दिवस आणखी थांबू दे."

धाकटीनं ते वाक्य ओळखलं. मोठ्या आकड्याशेजारी छोटा आकडा ठेवायचा, म्हणजे छोटा आणखी छोटा दिसतो. हे तिनंच डॉक्टरबाईंना शिकवलं होतं, याच खोलीत, याच टेबलापाशी. ओळखूनही ते लागू पडलं. हे तिला जिना उतरताना कळलं. भाऊजींना ताई जिवंत आहे हे माहीत होतं, ते उद्या चव्हाट्यावर येऊन मंडळाला खोटं पाडू शकले असते. पण ते गप्प होते, कारण त्यांनाही ताई मेलेलीच हवी होती. एवढ्या एका बाबतीत त्यांचं आणि मताधिकार मंडळाचं एकमत झालेलं होतं. धाकटी रस्त्यात थांबून मोठ्यानं हसली. एका माणसानं वळून पाहिलं, म्हणून तिनं खोकल्याचं सोंग केलं. घरी गेल्यावर ताईला म्हणाली, "नऊ वर्षं थांबलीस, आणखी आठ दिवस." तोच चढउतार. 'आठ' वर तोच किंचित हलका दाब.

"बरं," ताई म्हणाली.

ते आठ दिवस कसे गेले हे धाकटीला पुढे कधी सलग आठवलं नाही. झोप नव्हती. अन्नाची चव गेली होती. ताई रोज शाळेच्या वेळी खिडकीत उभी राहायची आणि ते बघवत नाही म्हणून धाकटी अर्धा तास आधीच कामावर निघायची. छापखान्यात पत्रकाची दुसरी आवृत्ती आली होती. ओली प्रूफं, शाईचा वास, आणि खालून पाचव्या ओळीत ते वाक्य. धाकटीनं पेन्सिल उचलली. एक शब्द खोडायचा होता. 'मेली' खोडायचं आणि कडेला लिहायचं, 'जगते आहे'. जुळारीकाका बदलून देणार होते. त्यांनी आयुष्यभरात कधी 'का' असं विचारलं नव्हतं. ते शेजारी येऊन उभे राहिले होते, बोटं काळी, चष्मा कपाळावर. "काही दुरुस्ती, बाई? का आम्ही यंदा पास?" पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलेलं होतं. तिथे एक करडा ठिपका उमटला. तिला त्या तीन सभासदांचे चेहरे दिसले, मग खिडकीतली ताईची पाठ, आणि ती ठरवतच होती, खरोखर ठरवत होती, तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं, "पास." काका गेले. आतल्या यंत्राची धडधड सुरू झाली आणि जमीन हादरत राहिली. पाच हजार प्रती. प्रत्येक धडाक्याला एकदा, असं तिनं मोजायला सुरुवात केली आणि पावणेदोनशेपाशी आकडा चुकला.

मंगळवारी मास्तरीणबाई कपडे न्यायला आल्या तेव्हा धाकटी घरी होती. अंगात कणकण आहे सांगून राहिली होती. ताईनं घडी घालता घालता, सहज विचारावं तसं विचारलं, "ती मुलगी येते का हो शाळेत?" मास्तरीणबाई खुलल्या. "येते तर. सावरली आता. अहो, तिची सावत्र आई भली बाई आहे, पण ही इतकी वर्षं तिला 'अहो' म्हणायची. काही केल्या आई म्हणायची नाही. म्हणायची, माझी आई येणार आहे. परवा पहिल्यांदा आई म्हणाली म्हणे. ती बाई रडली बिचारी. वाईटातून काहीतरी चांगलं निघतं बघा." ताईनं कपड्यांचं पुडकं बांधलं. गाठ मारायला तिला वेळ लागला, एवढंच. मास्तरीणबाई गेल्यावर धाकटी तिच्यापाशी गेली आणि काय करावं न कळून तिनं ताईचा हात धरला. हात कोरडा होता, बोटांच्या टोकांना सुयांनी घट्टे पडलेले. "नऊ वर्षं वाट बघत होती म्हणजे," ताई म्हणाली. "मला ठाऊकच नव्हतं." मग म्हणाली, "परवापर्यंत सुद्धा बघत असेल का गं? आपण आठ दिवस थांबलो त्यात सोडलं का तिनं?"

बुधवारी धाकटी कायदेमंडळाच्या सज्जात बसली होती. तिला जायचं नव्हतं आणि न जाऊन कुठे बसावं हे कळत नव्हतं. खाली दाढीवाले सभासद उभे राहिले. म्हातारा, जाड आवाजाचा, सगळ्यांना धाक वाटावा असा माणूस. ते पत्रकातली वाक्यं पाठ म्हणत होते. धाकटीची वाक्यं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं त्यांनी नेमकं उचललं होतं. ती कुणाची तरी लेक होती, सभासद म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. समोरच्या बाकांवरच्या माना वर आल्या. धाकटीनं सवयीनं त्या मोजल्या. तिला कठड्यावरून ओरडावंसं वाटलं, ती जिवंत आहे! ती आत्ता कुणाच्यातरी कोटाला बटणं लावते आहे! तिनं तोंड उघडलंही असेल. पण चारचौघांत तिची दातखीळ बसायची हे खरंच होतं. ठराव दोन मतांनी पास झाला. एक दुरुस्ती जोडून: ज्या बायकांच्या नावावर मालमत्ता आहे किंवा ज्या शाळेची परीक्षा पास आहेत त्यांनाच मत. धाकटी परीक्षा पास होती. सज्जातल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. डॉक्टरबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्यांनी धाकटीला घट्ट मिठी मारली. "तुझ्या ताईनं जिंकून दिलं गं," त्या तिच्या कानात म्हणाल्या.

"ताईला मत नाही," धाकटी म्हणाली.

"मिळेल. पुढच्या वेळी तिलाही मिळेल. पायरी पायरीनं." त्यांचे अश्रू धाकटीच्या गालाला लागले होते. ते पुसायचं धाकटीला सुचलं नाही. ती तशीच बाहेर पडली आणि पळत सुटली. बाहेर जमलेल्या बायका तिच्याकडे बघून हात हलवत होत्या. त्यांना वाटलं, आनंदानं पळते आहे.

ताई तयार होऊन बसली होती. केस विंचरलेले, धुतलेले कपडे. वाटेत धाकटी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य मोडून टाकत होती. भाऊजींचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. भाऊजी कामावर असायची वेळ. मुलीनंच दार उघडलं. हातात वही होती आणि मधे बोट घातलेलं. अंगानं ताईसारखी, उंच, खांदे जरा पुढे. "कोण हवंय?"

ताई तिच्या भांगाकडे बघत राहिली. मग धाकटी बोलू लागली. आधी अडखळत. मग वाक्यांना वाट सापडली. ती सांगू लागली की एक आई होती, आणि तिला जिन्यावर बसवून कुणीतरी फसवलं, आणि ती रोज एका खिडकीतून, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपला आवाज खाली आलाय, नेमका जिथे यायला हवा तिथे. मुलीचे डोळे मोठे झाले होते. सभागृहातले लोक बघायचे तसेच ते बघत होते. धाकटी थांबली.

"तुम्ही मंडळातल्या का?" मुलीनं विचारलं. "पत्रकवाल्या?"

"हो."

"मग माझी आई वारली. तुमच्याच पत्रकात आहे."

"ते खोटं आहे. ते मी लिहिलं होतं."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. "मग हे कशावरून खरं?" ती म्हणाली.

कागदावर धाकटीकडे नेहमीच उत्तर असायचं. आतून बाईचा आवाज आला, "कोण आलंय गं?" मुलगी मान वळवून म्हणाली, "कुणी नाही, आई." आणि ताईचे ओठ हलले. ओ द्यायलाच हलले होते ते. आवाज निघाला नाही, पण मुलीनं पाहिलं. तिचं वहीतलं बोट निघालं आणि वही मिटली.

"मी शाळेसमोर राहते," ताई म्हणाली. "वरच्या मजल्यावर. कपडे शिवते. कधी काही उसवलं, घट्ट झालं, तर घेऊन ये. मैत्रिणीला घेऊन आलीस तरी चालेल." ती अगदी साधं बोलली, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. मुलीनं मान हलवली की नुसती हलली, हे समजलं नाही. मग दार बंद झालं.

दोघी जिना उतरू लागल्या. पहिल्या वळणापाशी ताई थांबली. कठड्याला धरून तिनं दोन-तीन खोल श्वास घेतले. तिचा चेहरा असा झाला होता की धाकटीला तिच्याकडे बघवेना.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "दार आपटलं नाही तिनं."

आतून कडी सरकल्याचा आवाज धाकटीनं ऐकला होता. लगेच, आणि मग वरचीही.

"नाही आपटलं," ती म्हणाली.